गूळ की मेथी?

दादा, तू त्या गाडीत बसलेला नाहीस, हे मी नीलमला फोनवर दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही. तुझी बायको माझं कधी ऐकत होती?

"रोज दुपारी, दीदी," ती म्हणाली. "लाइट जाते, सब शांत हो जाता है, तेव्हा गॅरेजमधून आवाज येतो. टक, टक, टक. मग बंद. थोड्या वेळानं परत. ये ही हैं. मी ओळखते ना."

"उंदीर असेल."

"उंदीर गिनके आवाज करता है क्या? हमेशा तीन बार."

तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेलास आणि लिफ्टची वाट बघत उभ्या उभ्या गेलास, एवढंच मला कळलं, तेही तुझ्या ऑफिसातल्या कुणा मुलीकडून. नंतरच्या तेरा दिवसांत तुझ्या घरी जे करायचं ते सगळं मी केलं. याद्या, फोन, दाखले, भटजींची ने-आण, आलेल्यांच्या चहाची भांडी. गॅरेजचं शटर तेवढं उघडलं नाही. त्याच्यासमोरून मी दिवसातून वीस वेळा गेले असेन.

फोन ठेवता ठेवता नीलम म्हणाली, की गाडीला गिऱ्हाईक आलंय. हायवेला कुणाचं तरी लग्नाचं गार्डन आहे. तो माणूस गाडी स्टेजशेजारी उभी करणार आणि नवरा-नवरीला तिच्यात बसवून फोटो काढणार. इंजिन, वायरिंग त्याला नको, ते सगळं काढून टाकणार. रविवारी येतो म्हणाला.

"और क्या करूँ?" नीलम म्हणाली. "अकेली बैठके वो आवाज सुनूँ?" तुमचा मुलगा बाराव्या-तेराव्याला येऊन परत बंगळूरला गेला होता. घरात ती आणि तो आवाज.

मी गुरुवारी रजा टाकली.

मयूर विहारहून तुझ्या सेक्टरला पोचायला दोन बस आणि एक जीप लागते, हे तुला माहीत नव्हतं, कारण तू नेहमी मला न्यायला यायचास. तू गुडगावला घर बांधलंस तेव्हा मी म्हटलं होतं, हे धड दिल्ली नाही, धड गाव नाही, इथं राहायला येणार कोण? तू म्हणालास, "कुणी येवो न येवो, मला शटर लावता येईल एवढी जागा मिळाली." लोक घर बांधतात आणि उरलेल्या जागेत गाडी ठेवतात. तू गॅरेज बांधलंस आणि उरलेल्या जागेत नीलमला ठेवलंस. हे तिचंच वाक्य.

शटर मीच उघडलं. गाडी होती तशी होती. बुटकी, लांब नाकाची, दोन सीटची, लाल. म्हणजे मला लाल. समोरचा डॅशबोर्ड उघडून बाजूला ठेवलेला, आतून तारा बाहेर आलेल्या. भिंतीवरच्या प्लगला चार्जर लावलेला, त्याचे चिमटे बॅटरीवर. मी बसायची ते स्टूल जागेवर होतं, त्याच्यावर रंगाचा डबा होता. डबा खाली ठेवला आणि बसले.

पावणेदोनला लाइट गेली. तुमच्या त्या भागात लाइट जाणं आणि जनरेटर सुरू होणं यांच्यामध्ये एक मिनिट असतं. कूलर थांबतात. समोरच्या टॉवरवरचं लाद्या कापायचं मशीन थांबतं. एवढं ओसाड मिनिट दिल्लीत मी कुठं ऐकलेलं नाही. त्या मिनिटात माझ्या पाठीमागून, गाडीच्या डिकीखालून आवाज आला. टक, टक, टक.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. भुतांशी माझा संबंध नाही. तो आवाज कशाचा, ते मला लगेच कळलं. पेट्रोलचा पंप. विजेवर चालणारा, मुठीएवढा. गाडीची किल्ली फिरवली की तो टकटक करून पेट्रोल पुढं ढकलतो आणि नळी भरली की गप्प बसतो. आपला पंप म्हातारा. त्याच्यातून पेट्रोल हळूहळू मागं झिरपतं, मग तो पुन्हा तीनदा टकटक करून ते भरून काढतो. तूच समजावलं होतंस.

पण त्याला किल्ली फिरवलेली लागते. आणि किल्ली तुझ्या पँटच्या खिशात होती. पँट हॉस्पिटलनं परत दिलेल्या पिशवीत, पिशवी नीलमच्या कपाटात. मी स्वतः तिथं ठेवली होती.

तेव्हा मी उठून बाहेर गेले आणि दोन मिनिटं उन्हात उभी राहिले. हे मी नीलमला सांगितलेलं नाही.

*

ही गाडी तू आणलीस तेव्हा आपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये होतो. निजामुद्दीनच्या एका डॉक्टरांच्या पत्नीकडून तू ती उचललीस. त्यांच्या आवारात ती दहा वर्षं पडून होती आणि तिच्यात मांजर व्यालं होतं. टेम्पोला दोरी बांधून आणलीस आणि कडुनिंबाखाली लावलीस. अख्खा ब्लॉक गॅलरीत. खालचे खुराना अंकल ओरडले, "ओए विलास, बाकी की आधी गाड़ी कब आएगी?" बाबा ऑफिसची पिशवी हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "घरात माणसं चार," ते म्हणाले, "आणि हा दोन खुर्च्यांची गाडी घेऊन आलाय. आम्ही काय मागनं पळायचं?"

आई वरून म्हणाली, "शुभे, खाली आहेस तशीच बाजारात जा, अर्धा किलो टोमॅटो आण."

दादा, टोमॅटो मी त्या घरात पंधरा वर्षं आणले. पेरू मी, संत्री मी, मिरच्या मी. तू मुलगा म्हणून तुला भाजीला पाठवत नाहीत, यावर मी आईशी किती भांडले आहे! ती एकदाही भांडली नाही. "जा गं तू," एवढंच.

तुझ्या डोळ्यांचं मला त्याच्या तीन वर्षं आधी कळलं होतं. हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीहून तू आलास आणि बाबांना सांगितलंस, की मुलाखतीत नापास झालो. बाबांनी तुला विचारलं, काय विचारलं होतं? तू म्हणालास, आठवत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत ते "बोलता आलं नाही" झालं होतं आणि महिन्याभरात "घाबरला". पुढं वीस वर्षं बाबांनी पाहुण्यांना तेच सांगितलं. "आमचा विलास विमान उडवणार होता. चार माणसांसमोर तोंड उघडेना."

मी गच्चीवर कपडे काढत होते, तेव्हा तू खरं सांगितलंस. "पुस्तकात ठिपके होते, शुभे. त्या ठिपक्यांत आकडे असतात, म्हणे. मला नुसते ठिपके दिसले."

"मग हे बाबांना सांग ना! यात तुझा काय दोष?"

"डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं."

पुढं बोलायची गरज नव्हती. आपल्या घरात जे बिघडेल ते आईच्या माहेरचं होतं. माझी उंची, तुझं नाक, एकदा तर मिक्सरसुद्धा. तू ठरवलंस की हे एक तिच्या खात्यावर नको. त्यापेक्षा भित्रा म्हटलेलं चालेल. एकविसाव्या वर्षी कुणी असं काही ठरवतं आणि पुढं जन्मभर पाळतं, हे तू सोडून मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

आणि एवढं करून तू अशी गाडी आणलीस, की जिचं सगळं वायरिंग रंगांवर चालतं! तपकिरी तारेत बॅटरीचा करंट कायम असतो. हिरव्या तारेत किल्ली फिरवल्यावरच येतो. तुला तपकिरी आणि हिरवी एकच दिसायची. शेवाळासारखी काहीतरी, तू म्हणायचास. माझं पुढं पोटच रंगांवर चाललं, काचपट्टीवरचा गुलाबी आणि जांभळा यांतला फरक सांगायचा पगार मिळतो मला. पण पहिली नोकरी तुझ्याकडे केली. मी स्टुलावर बसून तारांचे रंग सांगायचे, तू आत शिरून जोडायचास.

आता सगळ्या ब्लॉकसमोर पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरला "ही हिरवी, ही तपकिरी" असं कसं सांगायचं? म्हणून आपण नावं ठेवली. तपकिरी म्हणजे गूळ. हिरवी म्हणजे मेथी. पांढरी तांदूळ, लाल तिखट, जांभळी कोकम. निळ्या रंगाचं खाणं आपल्या घरात नव्हतं, म्हणून निळी म्हणजे रेशनचं रॉकेल. दोनरंगी तारांची गंमत वेगळीच. भातावर तिखट. रॉकेलवर भात.

"गूळ कुठं लावू?"

"दिव्याच्या स्विचला. आणि मेथीवर गूळ आहे ती सोड, तिला हात लावू नकोस."

आई गॅलरीतून म्हणायची, "भूक लागली असेल तर वर या. नुसती नावं काय घेता?"

तू चिठ्ठ्या करायला लागलास ते तेव्हापासून. कडक कागदाचा बोटभर तुकडा, त्याला भोक, भोकात दोरा, तारेच्या दोन्ही टोकांना एकेक. त्यांच्यावर तुझ्या बारीक अक्षरात "गूळ" नाहीतर "कोकम". एकदा करोल बागेतला इलेक्ट्रिशियन बोलावला होतास. त्यानं डॅशबोर्डच्या आत डोकं घातलं, बाहेर येऊन चिठ्ठ्यांचा अर्थ विचारला आणि म्हणाला, "भाईसाहब, ये गाड़ी है या किराने की दुकान?"

*

मग बाहेरचं सामान मिळायला लागलं. लाजपतराय मार्केटमध्ये पूर्वी ज्या गोष्टी कापडाखालून दाखवायचे, त्या काचेत मांडल्या गेल्या. तू सरकारी नोकरी सोडून टेलिफोनच्या नव्या कंपनीत गेलास, बाबांनी दोन महिने धसका घेतला. पहिल्या पगारात तू गाडीला कॅसेट प्लेअर आणलास.

त्याचं काय झालं, ते आठवून मला परवा तुझ्या तेराव्याला हसू आलं. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. या गाडीत बॅटरी उलटी जोडलेली होती. सगळ्या गाड्यांत उणे टोक पत्र्याला लावतात, हिच्यात अधिक. साध्या दिव्यांना त्याचं काही नसतं, पण इलेक्ट्रॉनिक वस्तूला असतं. तुला ते माहीत होतं. तूच मला आदल्या दिवशी अर्धा तास समजावलं होतंस. आणि दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात प्लेअर तसाच जोडलास. मी म्हटलं तिखट, तू तिखट लावलंस, आपण दोघं अगदी बरोबर होतो, गाडी उलटी होती. गाण्याचा सूरही निघाला नाही, थेट धूर. तू फुंकर मारत होतास. फुंकर, दादा! मेणबत्तीला मारतात तशी. मी हसून स्टुलावरून पडले.

मग पुढचे चार रविवार आपण गाडी सुलटी केली. बॅटरी फिरवली, डायनामोला नवी दिशा दिली, कॉइलच्या तारा बदलल्या. पुढं डायनामो काढून छोट्या देशी गाडीचा अल्टरनेटर बसवला. ठिणगीसाठी घासणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक डबी लावली, ती तुझा कुणी मित्र परदेशातून मोज्यात गुंडाळून घेऊन आला होता. थंडीतल्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, त्या दिवशी तू मला कस्तुरबा गांधी मार्गापर्यंत नेलंस आणि परत आणलंस. इंडिया गेटपाशी सिग्नलला थांबलो, तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "तिखट." मग म्हटलं, "मेथी," आणि तू निघालास. सिग्नलचा वरचा दिवा आणि खालचा दिवा तुला कळायचाच. तरी माझ्या सांगण्याची वाट बघितलीस.

ते रविवार गुडगावच्या गॅरेजमध्येही चालू राहिले. तू घ्यायला यायचास, संध्याकाळी सोडायचास. पूर्ण वायरिंग नवं करायचं ठरवलं होतं आपण. त्याच्या पहिल्याच महिन्यात ते जेवण झालं.

*

आईबाबा तेव्हा आमच्याकडे मयूर विहारला राहत होते. शेजारचे एक निवृत्त विंग कमांडर जेवायला होते. त्यांना बघून बाबांना जोर आला. "आमचा हासुद्धा तुमच्याकडे यायचा," ते म्हणाले. "पण मुलाखतीत पाय लटपटले."

तू आमटी वाढून घेत होतास. नेहमीसारखा हसलास. मला ते हसणं सहन झालं नाही. बाबांचं बोलणं मला सवयीचं होतं, मला तुझं हसणं सहन झालं नाही. मी म्हटलं, "पाय नव्हते लटपटले, बाबा. त्याला लाल-हिरवं कळत नाही. म्हणून नाकारलं. मुलाखत झालीच नव्हती."

वीस वर्षांची गोष्ट तीन वाक्यांत संपली. बाबांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आईकडे वळले. "म्हणजे तुझ्या भावासारखं, त्या नानासारखं. तरीच."

आई उठली आणि ताक आणायला आत गेली. ताक टेबलावर होतं.

तू हात धुतलेस, पाहुण्यांना नमस्कार केलास. चपला घालताना मला म्हणालास, "तुला कुणी विचारलं होतं?" आवाजही चढवला नाहीस. ते तू मला विचारलेलं शेवटचं काही. त्यानंतरही आपण बोललो, नाही असं नाही. त्याच हिवाळ्यात बाबा गेले, दीड वर्षानं आई गेली. अॅम्ब्युलन्स कुठवर आली, लाकडं कुणी सांगितली, हे आपण बोललो. पण रविवारी तू न्यायला आला नाहीस आणि मी दोन बस आणि एक जीप केली नाही.

माझं म्हणणं अजूनही आहे, की मी खोटं बोलले नाही. तुझं म्हणणं असेल, की खरं बोलायचा हक्क माझा नव्हता. हे भांडण आपण नीट भांडलोच नाही. तीन वर्षं तू तिकडे तुझी बाजू तयार करत असशील, मी इकडे माझी करत होते.

आणि दरम्यान माझ्याकडे तुला द्यायची एक गोष्ट होती. आई जायच्या दोन महिने आधी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. ती एकदम म्हणाली, "मला माहीत होतं गं."

"काय?"

"विलासचं. तो पाच वर्षांचा असल्यापासून. आमचा नानाही कच्चे टोमॅटो घेऊन यायचा, आणि मार खायचा. मी विलासला कधी टोमॅटो आणायला पाठवलं का?"

मी जुडी खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस?"

"त्याला वाटत होतं ना, मला माहीत नाही," आई म्हणाली. "बरं वाटत होतं त्याला."

हे तुला सांगायला हवं होतं. फोनपर्यंत चार वेळा गेले. पण आधी दुसरं एक वाक्य म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. मी वाट बघितली, की तू काही विचारशील. दादा, आईला माहीत होतं. पाच वर्षांचा असल्यापासून. आता इथं लिहून काढते आहे. ज्यांच्यापासून लपवायचं होतं, त्यांतलं कुणी उरलेलं नाही.

*

तर गुरुवारी उन्हातून मी परत आत आले. मला आवाजाचं कारण हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आणखी एक हवं होतं. तू जाताना माझ्यावर रागावलेला होतास का? रविवारी तो माणूस तारा उपटून नेणार होता. म्हणजे बघायला माझ्याकडे तीन दिवस होते.

आधी चार्जर बंद केला, चिमटे काढले. टॉर्च घेतला, सीटवर आडवी झाले आणि डोकं डॅशबोर्डच्या आत घातलं. चाळिशी उलटलेल्या बाईनं करायचं काम नव्हे ते. आणि पाहिलं, तर आत रंगच नव्हते.

सगळं नवं वायरिंग काळं होतं. एकजात काळ्या तारा, सुबक बांधलेल्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. गूळ. तांदूळ. कोकम. भातावर तिखट. रंग बघायची गरजच ठेवली नव्हतीस. मी नसताना, एकट्यानं, तू अशी गाडी केली होतीस की जिला माझे डोळे लागू नयेत. मला राग आला. तिथं आडवी पडूनच आला. मला कामावरून काढलंस तेही किती नीट, दोरा बांधून!

मग टॉर्च डावीकडे गेला. मागून, गाडीच्या तळातून येणाऱ्या जुन्या तारा तिथं वर निघतात. त्या तुला बदलता आल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी तळ उचकटावा लागला असता. सात तारा. मळकट, तेलकट, आणि रंगीत. त्यांतल्या एकीला चिठ्ठी होती. "पंप. गूळ की मेथी? शुभीला विचारणे."

दुसरीला, "मागचा दिवा. तिखट की गूळ? शुभीला विचारणे."

सातही तारांना. सातही वेळा पूर्ण वाक्य. वरच्यासारखंच म्हणून खूण करून भागवलं नव्हतंस.

मी लॅबमधली बाई आहे, तारीख बघितल्याशिवाय नमुना घेत नाही. चिठ्ठी उलटी केली. तुझं व्हिजिटिंग कार्ड कापलं होतंस. नवं कार्ड, नवा आठ आकडी फोन नंबर, आणि नावाखाली वरचा हुद्दा, कात्रीनं अर्धा कापलेला. तुला बढती मिळाल्याचं मला त्या चिठ्ठीच्या पाठीवरून कळलं. म्हणजे चिठ्ठ्या त्या जेवणानंतरच्या होत्या. फार नंतरच्या.

पंपाची तार तू गुळाला लावली होतीस. वाट बघून कंटाळलास असशील, किंवा म्हणालास असशील, तात्पुरती लावून बघू. रुमाल ओला करून मी ती तार पुसली. हिरवी होती. म्हणजे जी किल्लीनंतर चालू व्हायची, तिला कायमचा करंट मिळाला. तू रविवारी चार्जर लावून ठेवलास, मंगळवारी गेलास, आणि पंप तेव्हापासून किल्लीशिवाय चालू होता. दिवसभर मशीन, कूलर आणि जनरेटर यांच्या खाली ते कुणाला ऐकू येत नव्हतं. लाइट गेली की येत होतं.

आजवर डोळे माझे आणि हात तुझे असायचे. त्या दिवशी दोन्ही माझेच होते. गुळाचा स्क्रू सोडला, तार काढली, मेथीला लावली. दहा मिनिटं लागली, त्यातली सात स्क्रू हातातून पडण्यात गेली. मग चिमटे परत लावून वाट बघितली. लाइट अजून यायची होती, पण एव्हाना सगळे जनरेटर सुरू झाले होते, म्हणून डिकीखाली हात घालून पंपावर ठेवला. गार आणि गप्प.

नीलम चहा घेऊन आली. "काय झालं?"

"सापडलं. एक तार चुकीची होती. आता नाही होणार आवाज."

मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास टाकेल. तिनं चहा बॉनेटवर ठेवला. "आपने बंद कर दिया?"

"पेट्रोलचा पंप आहे तो, नीलम. असा चालू राहिला तर घराला आग लागेल."

"सत्रह दिन से वही तो था, दीदी," ती म्हणाली, आणि तुझ्या टूलबॉक्सवर बसून रडायला लागली. तेराव्यापर्यंत रडली नव्हती.

मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "कपाटातून किल्ली आण."

ती आणली. मी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि फिरवायला सांगितलं. टक टक टक टक. पंप भरला आणि थांबला. ती तशीच बसून राहिली. काही वेळानं पुन्हा, तीनदा.

"असं फिरवलं की वाजेल," मी म्हटलं. "झालं की बंद करायची. विसरायचं नाही."

मग तिचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. हातात घेऊन वाचली. "गूळ की मेथी? ये क्या है, दीदी?"

या वेळी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "आमचा जुना खेळ."

नीलमनं चिठ्ठी परत लोंबती सोडली. गाडीतून उतरताना एवढंच म्हणाली, "इनके मोजे रोज मैं ही निकाल के रखती थी, रंग मिला के." मग आम्ही चहा प्यायलो. गार झाला होता.

रविवारी लग्नाच्या गार्डनवाला आला. नीलमनं त्याला सरबत दिलं आणि सांगितलं, की गाडीचं काम अजून चालू आहे. तो म्हणाला, मला चालती गाडी नकोच. ती म्हणाली, "हमें चाहिए."

मी तिथंच होते. स्टूल होतं तिथं. पंपाच्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षराखाली मी पेनानं लिहिलं होतं, "मेथी." "विचारणे" खोडलं नाही.

सहा चिठ्ठ्या राहिल्या होत्या. तारा पुसून बघायच्या आणि सांगायचं, दुसरं काही नाही. एका दुपारचं काम होतं आणि मी कामं अर्धवट ठेवणारी बाई नाही. पण दर रविवारी मी दोन बस आणि एक जीप करते, एकच तार पुसते, एकच रंग मोठ्यानं सांगते, आणि घरी येते.